ब्रेकचा पाय

...नाही, पण तुम्हीच सांगा मला, पाय कुणाचा? माझा की नाही? माझ्याच कमरेला लागलेला आहे ना? सत्तावन्न वर्षं त्याला चप्पल मी घातली, त्याची नखं मी कापली, त्याला मुंग्या आल्या तर झटकत मी बसलो. आणि समोर फोनच्या एवढ्याशा चौकटीत एक मुलगी, जिला मी जन्मात प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, जी कुठल्या गावात बसलीय तेही मला ठाऊक नाही, ती मला विचारते, "काका, उजवा पंजा वर उचलताय ना?" मी म्हणतो, "उचललाय." ती म्हणते, "नाही उचलला." मी म्हणतो, "अगं उचललाय!" ती म्हणते, "काका, मला इथून दिसतोय, तो खालीच आहे." आता पाय माझा, उचलणारा मी, आणि उचललाय की नाही हे सांगणार कोण, तर ती! बरं, वाकून बघतो तर... खरंच खाली! जमिनीवर! आरामात! म्हणजे आतून मी उचललाय, शंभर टक्के उचललाय, घामाने सदरा भिजलाय माझा, आणि पायाला त्यातलं काहीच माहीत नाही. मग मी उचललं काय?

तुम्हाला सांगतो, हे दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलं असतं तर एवढं लागलं नसतं मला. पण माझा धंदा काय? पाय हलवणं! दुसऱ्यांचे! एकतीस वर्षं गाडी शिकवतोय मी. स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, एक गाडी, एक टेबल आणि एक मेहुणा. शिकणारा चालकाच्या जागी बसतो, मी त्याच्या शेजारी, आणि माझ्याही पायाशी एक क्लच न् एक ब्रेक बसवलेला असतो, म्हणजे समोरून काही आलं आणि शिकणाऱ्याने डोळे मिटून घेतले की मी दाबायचा. त्यामुळे पोरं मला ब्रेकमास्तर म्हणतात. कसले कसले पाय हलवलेत मी! थरथरणारे, बधिर झालेले, क्लच समजून ब्रेक दाबणारे, ब्रेक समजून काहीच न दाबणारे. एक बाई तर चपला काढून, मांडी घालून बसल्या होत्या सीटवर! त्यांनासुद्धा तीन आठवड्यांत रस्त्यावर आणलं. मी नुसतं "ब्रेक!" म्हटलं की माणसाचा पाय खाली गेलाच पाहिजे. आणि आता? मी म्हणतो ब्रेक, माझाच मेंदू म्हणतो ब्रेक, आणि माझाच पाय शेजारच्या घरातला पाहुणा असल्यासारखा बसून राहतो. आता पाय कुणाचा, मला सांगा!

झालं कसं, तर काही झालंच नाही हो! सकाळी उठलो, चप्पल घालायला गेलो, चप्पल पुढे आणि पाय मागेच. म्हटलं झोपेत असेल. पायसुद्धा कधीतरी झोपणारच की! तर ही, म्हणजे आमची बायको, स्वयंपाकघरातून बघतेय, म्हणते, "अहो, असे वाकडे का उभे आहात?" मी म्हणतो, "मी सरळच आहे, तू वाकडी दिसतेयस." एवढंच. पुढचं मला आठवतं ते एकदम दवाखान्यातलं छत. डॉक्टर म्हणाले, स्ट्रोक. मेंदूच्या एका कोपऱ्यात रक्त पोचलं नाही म्हणून उजवा पाय गेला. मी घाबरून हिला विचारलं, "अगं, माझं बोलणं नीट येतंय ना?" तर ही त्या अवस्थेत, डोळे पुसता पुसता म्हणते, "येतंय हो येतंय, जिभेच्या वाटेला जायची झटक्याचीसुद्धा हिंमत झाली नाही." आता यावर हसायचं की रडायचं? मी दोन्ही केलं.

मग घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, व्यायाम रोज पाहिजे. फिजिओथेरपी. आणि ती जिथे होते ते केंद्र आमच्यापासून दोन तासांवर. मग म्हणाले, काळजी करू नका, आता घरबसल्या होतं, फोनवरून. मी म्हटलं, डॉक्टर, फोनवरून माणसाचं लग्न जमतं, भांडण होतं, सगळं होतं, पण पाय? तो फोनवर कसा येणार? तर म्हणाले, येतो! एक ॲप दिलं, फोन उभा करायचा एक स्टँड दिला, आणि घोट्याला बांधायचा एक पट्टा. पाय हलला की पट्टा तिकडे कळवतो, आणि तिकडे न् आपल्या फोनवरही रेघ उमटते. पहिल्या दिवशी मेहुण्याने ती रेघ बघितली आणि मला म्हणाला, "भावजी, एकदम सरळ आली हो! कुठे वेडीवाकडी नाही." मला इतका आनंद झाला! मग त्या चौकटीतल्या मुलीने सांगितलं की रेघ सरळ याचा अर्थ पाय अजिबात हललेला नाही. मेहुणा म्हणाला, "तरी पण सरळ आहे." हा माणूस माझ्या ऑफिसात हिशोबाला बसतो!

आणि त्या व्यायामांची तऱ्हा ऐका. मी खुर्चीत. फोन कुणी धरायचा? स्टँड दुसऱ्याच दिवशी मोडला, तो माझ्याच चांगल्या पायाने मोडला, ते जाऊ द्या. तेव्हा फोन हिच्या हातात. ती मुलगी म्हणते, "काकू, पाय दाखवा." ही स्वतःचा पाय दाखवते! "काकू, काकांचा." मग ही फोन फिरवते, त्यात आधी पंखा येतो, मग दाराची कडी, मग मेहुणा, मग एकदाचा मी, तोही उलटा. ती मुलगी बिचारी न रागावता म्हणते, "काका, तुम्ही भिंतीला चिकटल्यासारखे दिसताय." मग फोन आडवा, मग उभा, मग ही म्हणते, "आता दिसतंय?" ती म्हणते, "आता तुमचं बोट दिसतंय." अर्ध्या तासातली वीस मिनिटं माझा पाय शोधण्यात जायची. मी बसल्या जागेवरून ओरडतोय, इथे आहे, इथे आहे! पण माझ्या सांगण्याला किंमत काय? पाय काय माझा थोडाच आहे?

एकदा तर कमाल झाली. ती म्हणाली, "काका, चांगला पाय दुसऱ्या पायाच्या खाली घाला, दोन्ही वर उचलून धरा, मी सांगेपर्यंत सोडू नका, आणि..." आणि गोठली! तोंड उघडं, एक बोट वर, डोळे अर्धे मिटलेले. मी दोन्ही पाय हवेत धरून बसलोय. एक मिनिट, दोन मिनिटं. ही म्हणते, "सोडा हो, नेट गेलंय." मी म्हणतो, "ती सोडा म्हणाली का?" ही म्हणते, "तिला बोलताच येत नाहीये!" मी म्हणतो, "मग मला सोडताही येत नाहीये." कारण तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं, मास्तर सांगेपर्यंत पाय सोडायचा नाही. मेहुणा जवळ येऊन त्या चौकटीकडे निरखून बघतो आणि मला समजावतो, "भावजी, कदाचित हा व्यायामाचाच भाग असेल. तुमची परीक्षा घेत असेल." अकरा मिनिटं! मांडी जळतेय, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत, आणि अकराव्या मिनिटाला ती हलली आणि म्हणाली, "...आणि श्वास रोखू नका." मी म्हटलं, पोरी, आता श्वास उरलाय कुठे!

असे सहा आठवडे गेले. काठी घेऊन चार पावलं टाकायला लागलो, पण ती कशी, तर डावा पाय चालायचा आणि उजवा नुसता सोबत यायचा. पंजा मात्र हलत नव्हता. आणि मला पंजाच हवा होता हो! ब्रेक पंजाने दाबतात. बाकीचा पाय गेला खड्ड्यात. त्यात परवाना कार्यालयाचं पत्र आलं. आपल्याला स्ट्रोक आल्याचे समजते, तरी शिकवण्याचा परवाना चालू ठेवण्यासाठी अमुक तारखेला पायाची चाचणी द्यावी. म्हणजे काय, तर एका यंत्रासमोर बसायचं, समोर लाल दिवा लागला की दोन सेकंदांत ब्रेक दाबायचा, असं दहा वेळा, आणि दहापैकी आठ वेळा लागला पाहिजे. नाही लागला तर? तर एकतीस वर्षं संपली. ब्रेकमास्तर आणि ब्रेकच नाही! ती रात्र... नाही, रात्रीचं काही सांगत नाही, दिवसासुद्धा मी भिंतीकडे तोंड करून पडलेलो असायचो. मला भीती वाटत होती हो, खरंच वाटत होती. मला दुसरं काही येत नाही. मला शेजारी बसता येतं आणि वेळेवर थांबवता येतं, बस.

आता इथे हिची गोष्ट सांगितल्याशिवाय तुम्हाला काही कळायचं नाही. हिला मी गाडी शिकवलेली नाही. का? शिकवायला गेलो होतो! लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. घरापासून गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. पन्नास पावलं असतील. तिथून ही पायी घरी आली, एका बाजूने. मी पायी घरी आलो, दुसऱ्या बाजूने. गाडी दोन दिवस तिथेच. तेव्हापासून आमच्या घरात तो विषय बंद. आणि एक दिवस मला तपासणीला न्यायचं होतं, मेहुणा तापाने पडलेला, टॅक्सी मिळेना, आणि ही शांतपणे खुंटीवरची गाडीची किल्ली काढते! मी म्हटलं, "कुठे?" म्हणते, "गाडी काढते." मी म्हटलं, "कशी?" म्हणते, "चालवून." तुम्हाला सांगतो, मला वाटलं मला दुसरा झटका येतोय. कधी शिकलीस? तर तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. कुणी शिकवलं? आणि इथे ही जरा घुटमळली... पलीकडच्या रस्त्यावरच्या स्कूलने! त्याने! जो माझ्या पाटीपेक्षा आपली पाटी एक फूट मोठी लावतो, त्याने! लायसनसुद्धा आहे म्हणे! नवरा दवाखान्यात पाय शोधतोय आणि ही शत्रूकडे क्लच दाबतेय! मी म्हटलं, "हे तू माझ्यापासून लपवलंस?" तर म्हणते, "तुम्हाला दवाखान्यात कुणी न्यायचं, ते सांगा आधी." 

बसलो. शेजारी. माझ्या नेहमीच्या जागी, माझ्या पायाशी माझा ब्रेक, त्याच्यावर माझा निरुपयोगी पाय ठेवलेला, नुसता शोभेला. हिने गाडी काढली. पहिल्या वळणापर्यंत ठीक होती हो, मी खोटं बोलणार नाही. दुसऱ्या वळणावर समोर एक पाण्याचा टँकर उभा. उभा! हलत नव्हता! एवढा मोठा, एवढा निळा! आणि ही सरळ त्याच्याकडे. मी म्हणतो, "अगं, टँकर." ही म्हणते, "दिसतोय." "अगं, टँकर!" "अहो, दिसतोय ना!" "अगं टँक..." आणि खाड्! गाडी जागच्या जागी थांबली. टँकर दोन वितींवर.  ही माझ्याकडे बघतेय, मी हिच्याकडे. मी म्हटलं, "बरं झालं, वेळेवर दाबलास ब्रेक." ही म्हणते, "मी नाही दाबला." मी म्हटलं, "मग कुणी दाबला?" आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी खाली बघितलं.

पाय! माझा! उजवा! ब्रेकवर, पार तळाला टेकलेला! मागचे हॉर्न वाजवताहेत, टँकरवाला खाली उतरून शिव्या देतोय आणि आम्ही दोघं गाडीत बसून खाली वाकून पायाकडे बघतोय. मी रडलो, सांगायला लाज कसली? हीसुद्धा रडली. टँकरवाला शिव्या देत आला होता, तो आम्हाला बघून घाबरला, म्हणाला, "लागलं नाही ना कुणाला?" मी म्हटलं, "लागला! ब्रेक लागला!" मग डोळे पुसले आणि म्हटलं, थांब हं, पुन्हा दाबून दाखवतो. लावला सगळा जीव. हं... हं... काही नाही. पाय पुन्हा पाहुणा. म्हणजे मी सांगितलं की नाही, आणि टँकर दिसला की हो! मग पाय कुणाचा? टँकरचा?

संध्याकाळी त्या मुलीला सांगितलं. तोपर्यंत कधी नाही ती खुर्चीतून उठली आणि तिचं डोकंच चौकटीबाहेर गेलं. नुसता आवाज येतोय, "काका, पुन्हा सांगा! पट्टा होता का पायाला? होता?" पट्टा होता. तिने रेघ काढून बघितली, तर सरळ, सरळ, सरळ आणि मध्येच एक डोंगर! मग म्हणाली, "काका, तुम्ही ठरवून दाबायला जाता ना, तो रस्ता बंद पडलाय. पण एकतीस वर्षांची सवय कदाचित दुसऱ्या वाटेने येत असेल. मी खात्रीने सांगत नाही, डॉक्टरांना विचारते." म्हणजे आता काय करायचं? म्हणाली, "डॉक्टर हो म्हणाले तर व्यायाम गाडीत करू." डॉक्टर हो म्हणाले! मोकळ्या जागेत, माणसाच्या चालीने, हिच्या पायाशी दुसरा ब्रेक आहेच, या अटीवर. मी विचारलं, मला कुणी विचारणार आहे का? नाही. पाय माझा ना, मग मला कशाला विचारायचं!

तर बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात रोज सकाळी आमची वरात. फोन माझ्या गुडघ्यासमोर चिकटवलेला, त्यात ती मुलगी, तिला फक्त माझा पाय दिसतो. स्टिअरिंगवर ही. समोर मेहुण्याने रिकाम्या खोक्यांची भिंत रचलेली. ही गाडी नेते खोक्यांवर. धाडकन खोकी उडतात. पाय हलत नाही. पुन्हा रचली, पुन्हा उडवली. ती मुलगी विचारते, "काका, भीती वाटली?" मी म्हटलं, "अगं, खोकी रिकामी आहेत हे पायाला माहीत आहे!" तिसऱ्या वेळी मेहुणा खोकी रचत असतानाच हिने गाडी सोडली. मेहुणा मध्ये! ओरडतोय, "ताई! ताई!" आणि मी बघतोय पायाकडे, आता दाबतो बघा, आता दाबतो... नाही दाबला. हिनेच दाबला शेवटी. मेहुणा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मी त्याला परोपरीने सांगितलं, बाबा रे, त्यात माझा काही दोष नाही, पाय स्वतंत्र विचाराचा झालाय.

मग त्या मुलीने हिला वेगळं काहीतरी समजावलं, मला ऐकू येऊ नये म्हणून फोन चक्क बाथरूममध्ये नेऊन. आणि दुसऱ्या दिवसापासून हिची गाडी जी काही चालायला लागली! आवारात दिव्याचा एक लोखंडी खांब होता. एकच! एवढ्या मोठ्या मैदानात एकच खांब, आणि ही त्याच्यावरच जाणार! बोलता बोलता, भाजीचं काय करायचं विचारता विचारता, एकदम खांब! खाड्! दुसऱ्या दिवशी पुन्हा, मागे बघत बघत, खांब! खाड्! मी ओरडतोय, "अगं, समोर बघ, समोर! त्या नालायकाने तुला समोर बघायला शिकवलं नाही का?" आणि ही हसून म्हणते, "तुम्ही शिकवलं असतंत तर नीट आलं असतं." दहापैकी तीन वेळा लागायला लागला. मग पाच. मग सहा. मी हैराण, रक्तदाब मोजून मोजून पट्टा झिजला, आणि चौकटीतून आवाज, "वा काका! फार छान!" आणि एकदा हिचा फोन टेबलावर पडलेला, त्यावर त्या मुलीचा निरोप झळकला, 'काकू, आज छान चुकलात.' मी तीनदा वाचला. म्हटलं, ही कसली पद्धत? चुकल्याबद्दल शाबासकी? माझ्या स्कूलमध्ये असं कधी झालं नाही. विचारलं हिला. म्हणते, "आजकालच्या मुली गोड बोलतात हो, तुमच्यासारख्या नाहीत." पटलं मला.

आला चाचणीचा दिवस. परवाना कार्यालयातले साहेब ओळखीचे, माझ्या निदान हजार पोरांची परीक्षा त्यांनी घेतलीय, त्यातली दोनेकशे नापासही केलीत. म्हणाले, "मास्तर, ओळख ओळखीच्या जागी." मी म्हटलं, बरोबर आहे. यंत्रासमोर बसलो. शेजारी खिडकी, खिडकीतून खालचं आवार दिसतंय, त्यात आमची गाडी, गाडीत ही, आणि गाडीच्या बरोबर मागे साहेबांची नवी कोरी स्कूटर. मेहुणा दारात उभा, अर्धा आत, अर्धा बाहेरच्या गॅलरीत. लाल दिवा लागला. मी म्हटलं, दाब! ...नाही. साहेबांनी एक फुली मारली. पुन्हा दिवा. दाब रे, दाब, पाया पडतो तुझ्या! आता स्वतःच्याच पायाच्या पाया कसं पडायचं ते मला विचारू नका, पण पडलो मनातल्या मनात. नाही. दुसरी फुली. आता एकही चुकून चालणार नाही. माझ्या कानात नुसतं ठण् ठण् व्हायला लागलं. एकतीस वर्षं त्या दिव्यात दिसत होती हो मला.

तिसरा दिवा लागला, आणि दारातल्या मेहुण्याने डोकं खाजवलं. आणि खिडकीत बघतो तर आमची गाडी मागे! सुर्रकन्! सरळ स्कूटरवर! खाड्! यंत्राचा काटा टोकाला! खाली गाडी थांबली, स्कूटरपासून वीतभर. ही काच खाली करून ओरडते, "गाडी सरळ करतेय हो!" गाडी पुढे गेली. चौथा दिवा, मेहुण्याने पुन्हा डोकं खाजवलं, मला वाटलं याला उवा झाल्या की काय, आणि गाडी पुन्हा मागे! खाड्! तुम्हाला सांगतो, आठ वेळा! आठ वेळा हिने ती गाडी सरळ केली! साहेब पाचव्या वेळेपासून माझ्याकडे बघतच नव्हते, खिडकीला चिकटून उभे होते, आणि सातव्या वेळेला त्यांचाही पाय फरशीवर खाड् करून आपटला. दहा झाले. आठ लागले.

साहेबांनी एकदाची खिडकी सोडली. खिडकीकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, मेहुण्याच्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मास्तर, पाय दाबला गेला पाहिजे असं नियमात आहे. कशामुळे दाबला गेला पाहिजे, हे नियमात नाही." आणि लिहिलं. चष्मा लागणाऱ्याच्या लायसनवर शेरा असतो ना, चष्मा आवश्यक म्हणून? तसा शेरा! 'सहा महिन्यांसाठी पात्र. गाडी पत्नी चालवीत असतानाच.' शिक्का! म्हणजे बघा, परवाना मिळाला, पण शिकवायचं कुणाला? फक्त हिला! एकतीस वर्षं जिला शिकवायचं टाळलं ती माझी एकमेव विद्यार्थिनी, आणि तिच्याकडे आधीच लायसन! सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी, तोपर्यंत रोज सकाळी मैदान, खांब आणि मी. नाही म्हणायला, परवापासून अंगठा हलतो, मी सांगितल्यावर, खांब नसताना. एवढासा. रेघेवर एक टेकडी येते. त्या मुलीने मेहुण्यालासुद्धा दाखवली, तो म्हणाला, "आता जरा वाकडी यायला लागली हो."

पण खरी गंमत कालची. ही औषधं आणायला गाडी घेऊन गेली, एकटी. मी काठी टेकत गॅलरीत उभा. परत आली तर फाटकात एका बाजूला शेजाऱ्याची नवी गाडी, दुसऱ्या बाजूला कचऱ्याचा डबा, मध्ये जागा किती, तर दोन्हीकडे बोटभर. मी डोळे मिटून घेतले. काही आवाज नाही. उघडले तर... रिव्हर्समध्ये, एका दमात, आरशात बघून, एका हाताने, गाडी आत! इतकी सुरेख गाडी माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी लावली नाही हो. मीसुद्धा लावली नसती. आणि मला सगळं एकदम आठवलं, बाथरूममधला फोन, छान चुकलात, मेहुण्याच्या उवा.  आली वर, मी काही बोललो नाही. कारण डोक्यात एकच आलं, आता मला कळलं, म्हणजे भीती गेली, म्हणजे पाय गेला!

आज सकाळी गेलो मैदानावर. ही म्हणते, "संध्याकाळी कोण कोण येणार आहे जेवायला?" आणि गाडी खांबावर. मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं की ही कधीच धडकणार नाही. मी निवांत बसलो होतो. आणि खाड्! लागला! तळाला! हिने विचारलं, "घाबरलात?" मी म्हटलं, "घाबरलो बाई." खोटं बोललो. मी नव्हतो घाबरलो, तो घाबरला होता. म्हणजे मला कळलंय, पायाला अजून कळलेलं नाही. आता पाय कुणाचा, तर माझा, तेव्हा त्याला सांगणं माझं काम. घरी आल्यावर वाकून, हळूच, हिला ऐकू जाणार नाही असं मी त्याला सांगितलंसुद्धा, अरे बाबा, ती पक्की ड्रायव्हर आहे, उगाच घाबरू नकोस... पण तुम्हाला सांगतो, तो माझं ऐकतो कुठे!